हिरवं की लाल?

रात्रपाळीत माझं काम एवढंच: चाळीस सर्व्हरचे बॅकअप झाले का ते पाहायचं आणि सकाळी ‘ऑल ओके’चा मेल टाकायचा. बदलापूरच्या वन बीएचकेत, काळ्या टर्मिनलसमोर बसून. आधी प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘पास’ किंवा ‘फेल’ असं यायचं. मग टीममधल्या एकाने स्क्रिप्ट देखणी केली. शब्द गेले, ठिपके आले. बॅकअप झाला तर हिरवा, नाही तर लाल.

त्या रात्री एक ठिपका लाल होता. मी ‘ऑल ओके’ पाठवलं.

सकाळी फोन आला, “अरे, एवढा लालभडक दिसला नाही तुला?” डोळा लागला होता, असं मी सांगून टाकलं. खोटं होतं ते. मी टक्क जागा होतो आणि त्या ठिपक्याकडेच बघत होतो. मला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, हे ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं.

हे रंगांधळेपण बहुतेक वेळा आईकडून मुलाकडे येतं. माझ्या मामालाही आहे. रविवारी त्याच्याकडे उल्हासनगरला गेलो. तिथल्या एका जीन्स रंगवायच्या कारखान्यात त्याची बरीच वर्षं गेली.

“निळ्यात मी कधी फसलो नाही,” मामा म्हणाला. “पण वालधुनीला लाल पाणी आलं की लोक पुलावर थांबून बघायचे, आणि मला नुसतं गढूळ दिसायचं. मग शेजारच्याला विचारायचो, आज कुठला रंग?”

“विचारायला लाज नाही वाटायची?”

“विचारायची कसली लाज? लाज वाटायची ती पाण्याची. रंग सोडणारे आम्हीच ना.”

परतीच्या लोकलमध्ये, अंबरनाथ येईपर्यंत, मोबाइलवर वाचत बसलो की टर्मिनलमध्ये रंग येतो कुठून. अक्षरांना स्वतःचा रंग नसतोच. त्यांच्या आधी एक न दिसणारी खूण जाते: एस्केप, चौकटी कंस, मग ३१ आणि एम. ३१ म्हणजे लाल, ३२ हिरवा, ३४ निळा. शेवटी शून्य दिलं की सगळं पूर्ववत. टर्मिनल ही खूण छापत नाही, पाळतं. १९७८च्या व्हीटी-१०० टर्मिनललाही अशाच खुणा कळायच्या. पण त्याचा पडदा एकरंगी होता, म्हणून ठळक, लुकलुकतं किंवा उलट्या पट्टीतलं अक्षर यावर काम भागायचं. आजही ३१चा लाल नेमका कसा दिसावा, हे तुमच्या टर्मिनलची थीम ठरवते. रंग नकोच असेल, तर २०१७पासून ‘नो कलर’ नावाचा एक संकेत आहे. त्या नावाचं व्हेरिएबल सेट केलं की बरीच टूल्स बिनरंगी छापतात.

पण आमच्या स्क्रिप्टमधून रंग काढला असता, तर उरले असते चाळीस सारखे ठिपके. निरोप शब्दात होता, आणि शब्दच आम्ही पुसले होते.

सोमवारी मी शब्द परत आणले. ‘फेल’ निळ्या पट्टीवर, पांढऱ्या अक्षरांत. मग ग्रुपवर लिहिलं, “मला लाल-हिरवं वेगळं दिसत नाही. त्या रात्री माझा डोळा लागला नव्हता.” बराच वेळ कुणी काही टाइप केलं नाही. शेवटी स्क्रिप्टवाल्याचा मेसेज आला, “आधी सांगायचंस ना, यार.”

गुरुवारी पहाटे तीनला एक निळी पट्टी आली. मी लगेच त्याला फोन लावला.