मेसची पंगत

माणूस किती वेळात जेवतो, यावरून त्याचे तरुणपण कुठे गेले ते ओळखता यावे, असे माझे एक जुने मत आहे. वकील जेवताना बोलतो, मास्तर जेवताना ऐकवतो, व्यापारी मधूनच घास हातात धरून आकडेमोड करतो. आणि ज्याने सोळाव्या वर्षी लष्करी प्रबोधिनीत पाऊल टाकले तो, वाढणारीचा हात कोशिंबिरीवरून आमटीकडे वळायच्या आत, जेवून मोकळा झालेला असतो. आमच्या घरी या गोष्टीवरून गेली चाळीसएक वर्षे धुसफूस चालू आहे. "अहो, काय केलंय ते तरी बघा!" असे सौभाग्यवती म्हणतात, आणि मी पाहतो तो ताट रिकामे! भाजी कशाची होती, हे मला ताटाला लागलेल्या रसावरून ताडावे लागते.

ही विद्या मी खडकवासल्याला शिकलो. पुणेकरांना राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी म्हटले की तळे, सूदान ब्लॉकचा घुमट आणि मागे सिंहगड एवढे चित्र डोळ्यांपुढे येते. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिची कोनशिला बसली आणि १६ जानेवारी १९५५ ला औपचारिक उद्घाटन झाले. भूदल, नौदल आणि वायुदल या तिन्हींची मुले तेथे तीन वर्षे एकत्र राहतात, एकत्र शिकतात, आणि मग आपापल्या दलाच्या वाटेने जातात. पाहुण्याला दाखवायला सूदान ब्लॉक फार छान. पण आमच्या लेखी प्रबोधिनीचा गाभारा म्हणजे मेस. आज तेथे दोन हजारांहून अधिक मुले एका वेळी जेवायला बसतात. मी १९७२ च्या जुलैत गेलो तेव्हा संख्या कमी होती, तरी म्हसवडच्या सिद्धनाथाच्या यात्रेखेरीज एवढी माणसे एके ठिकाणी जेवताना मी पाहिली नव्हती. आणि यात्रेत कोणी एका सुरात खुर्ची मागे ओढत नाही.

आमची भूक ही काही साधी भूक नव्हती. पहाटे काळोखात चहा घशाखाली ओतून कवायतीला पळायचे. तिथून परतेपर्यंत पोटात वणवा पेटलेला. मग न्याहारी: अंडी, पावाचे जाड जाड काप, लोणी, जॅम, दूध. त्यानंतर वर्ग, मध्येच सायकलींची धावपळ, पुन्हा जेवण, दुपारनंतर मैदान, संध्याकाळी अभ्यास, रात्रीचे जेवण. वेळ थोडा आणि भूक फार, अशा व्यस्त प्रमाणात आम्ही तीन वर्षे काढली. शाकाहारी मुलांची सोय वेगळी असे. मी त्यांतला. पण न्याहारीच्या अंड्यांकडे पाहून मनात जे येई, ते आजीला कधी कळले नाही, हे बरेच झाले.

त्यात काटा आणि सुरी! घरी आम्हाला पाच बोटांनी जेवायला शिकवले होते, आणि त्यातही बोटांची दोन पेरे भरली की आजीचे डोळे मोठे होत. इथे काटा डाव्या हातात. डावा हात! जो आमच्या घरी जेवताना ताटाच्या आसपास फिरकायचा नाही, तोच आता घास तोंडात घालणार होता. काट्याने मटार उचलणे ही चौदा विद्यांत का घातली नाही, याचे मला राहून राहून नवल वाटते. टोचावा तर पळतो, उचलावा तर घसरतो, आणि एकदा तो असा उडाला की समोरच्या ज्येष्ठ विद्यार्थ्याच्या पाण्याच्या पेल्यात जाऊन बसला. माझ्या डाव्या बाजूला गुरदासपूर जिल्ह्यातला एक सरदार मुलगा बसे. त्याने मान न वळवता, ओठ न हलवता म्हटले, "निशाना अच्छा है." तेवढ्यावर आमची मैत्री झाली.

या शेजाऱ्याची आणि माझी पत्रे बहुधा एकाच दिवशी येत. त्याच्या आईला लिहिता येत नव्हते. गावचे मास्तर तिच्यासाठी गुरुमुखीत लिहून देत. माझी आई पोस्टकार्डावर मुंगीच्या पावलांसारख्या अक्षरांत लिही. दोन्ही पत्रांतले पहिले वाक्य एकच असे, हे आम्हाला एकमेकांना वाचून दाखवल्यावर कळले: जेवण कसे आहे?

आता या प्रश्नाचे उत्तर त्या वर्षी सोपे नव्हते. १९७२ च्या पावसाने महाराष्ट्राला दगा दिला होता, आणि आमचा माण तालुका तर चांगल्या वर्षीही आभाळाकडे डोळे लावून बसणारा. माणगंगेच्या पात्रात वाळू तेवढी उरली होती. घरी रेशनवर मिळणारी मिलो, म्हणजे अमेरिकेहून आलेली लालसर ज्वारी, तिच्या भाकऱ्या होत. त्या थापताना चिरत आणि गिळताना घशात अडकत, असे धाकट्या बहिणीने लिहिले होते, आईने नव्हे. वडील शाळामास्तर, म्हणून निदान महिन्याचा पगार तरी होता. आणि इकडे माझ्या पुढ्यात लोण्याची बशी! लोणी पावाला लावताना सुरी जरा जास्त भरली की ती मी पुन्हा बशीच्या कडेला निपटत असे. याने म्हसवडला काय पोचणार होते, देव जाणे. पत्रात मी लिहीत असे, "जेवण बरे असते. काळजी नसावी." लोण्याचा उल्लेख तीन वर्षांत एकाही पत्रात नाही.

डिसेंबरात सुटी लागली. पुण्याहून एस.टी.ने निघालो, अंगात प्रबोधिनीचा ब्लेझर. फलटण मागे पडले तशी रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामे दिसू लागली. बाया, म्हातारे, पोरे खडी फोडत बसली होती. एके ठिकाणी सुकडी वाटण्यासाठी रांग लागलेली. गाडी हळू झाली, तेव्हा खडीच्या ढिगावर माझ्या शाळेतला, माझ्याच बाकावर बसणारा मुलगा हातोडी घेऊन बसलेला दिसला. गणितात तो माझ्या पुढे असे. त्याने वर पाहिले. मला ओळखले की नाही, ते कळायच्या आत धूळ उडाली. त्या दिवशी बरोबर दिलेला डबा मी घरी पोचेपर्यंत उघडला नाही. बहिणीने तो उघडला आणि आतला पाव वासासकट खाल्ला.

आजीने माझी दिवाळी राखून ठेवली होती. "बाळ येईल तेव्हा दिवाळी," असे तिने नोव्हेंबरातच जाहीर केले होते म्हणे. पण फराळाआधी उलटतपासणी झाली.

"तिथं शेजारी कोण बसतो रे जेवायला?"

"सरदार आहे, पंजाबचा."

"आणि समोर?"

"समोर लखनौचा मुसलमान मुलगा. त्याच्या पलीकडे नागालँडचा, तो ख्रिस्ती."

"आणि वाढतं कोण?"

"वाढपी."

"कुठला?"

"विचारलं नाही, आजी."

आजी काही बोलली नाही. पण संध्याकाळी माझे पान माजघरात मांडले गेले, स्वयंपाकघरात नाही. आजवर मी तिच्या चुलीशेजारच्या पाटावर बसत आलो होतो. आईने खाली पाहिले, वडील चष्मा पुसत राहिले. आजीने मला उंबऱ्याच्या आतून, हात लांब करून वाढले. वाढले मात्र पोटभर. मिलोची भाकरी तिने माझ्या ताटात येऊ दिली नाही. कुठून पैदा केले होते कोण जाणे, पण भात होता.

निघण्याच्या दिवशी तिने डबा पुढे केला. दोन महिन्यांच्या रेशनची साखर साठवून केलेले बेसनाचे लाडू. "सगळ्यांना दे हो," ती म्हणाली. "त्या लखनौच्या पोरालाही दे. कुणाचीच आई नसते तिथं." आणि डबा माझ्या हातात देताना तिने तो वरून, हाताला हात लागू न देता सोडला. उंबरा तिने शिथिल केला नाही आणि लाडूही हात राखून केले नाहीत. या दोन गोष्टी एकाच बाईच्या ठायी कशा नांदत होत्या, ते मला या वयातही सांगता येत नाही. लाडू एका रात्रीत संपले. लखनौच्या मुलाने डबा धुऊन, पुसून परत दिला. त्याच्या घरची रीत होती म्हणून त्यात मूठभर बदाम घालून.

शेजाऱ्याला मी एकदा सिंहगडावर नेले. रविवारची सुटी होती. गडावर एका म्हाताऱ्या बाईने चुलीवरचे पिठले, भाकरी, कांदा आणि मडक्यातले दही पुढे ठेवले. त्याने सवयीने काटा शोधला, मग हसून बाह्या सारल्या. "ही तर आमची कढीच, फक्त घट्ट झालेली," असे त्याचे म्हणणे. मी मराठी बाण्याने त्याला कडाडून विरोध केला. वाद चालू असताना त्याने तीन भाकऱ्या संपवल्या. बाई कौतुकाने म्हणाली, "खा लेकरा, गड चढून आलास." तो मला विचारतो, "काय म्हणाली?" मी म्हटले, "तुझी आई पत्रात लिहिते तेच."

पुढे डेहराडूनला गेलो. १९३२ साली तिथल्या अकादमीचे उद्घाटन करताना चेटवुडसाहेबाने अधिकाऱ्याचा जो क्रम सांगितला तो तिथे भिंतीवरच आहे: आधी देश, मग हाताखालचे जवान, आणि स्वतःचे सुख सर्वांत शेवटी. ऐकायला हे भव्य आहे. पण शिकवले गेले ते लंगरावर. जवानांची ताटे भरली का, डाळ शेवटच्या माणसापर्यंत पोचली का, हे पाहून मग आपले ताट उचलायचे. घरोघरी बायका हे रोज करतात आणि त्यांच्यासाठी भिंतीवर कोणी काही कोरत नाही, हा विचार मला तेव्हा सुचला नाही. आता खडकवासल्याच्या पंगतीत मुलीही बसतात. २०२२ च्या ऑगस्टात पहिली तुकडी आली आणि ३० मे २०२५ रोजी सतरा जणी दीक्षान्त संचलन करून बाहेर पडल्या. काट्याने मटार उचलणे त्यांना जमले असेलच. मुलींची जात मुळात नेटकी.

माझा शेजारी १९८७ च्या ऑक्टोबरात जाफन्याला पडला. मी तेव्हा दुसऱ्या टोकाला, उंचावरच्या ठाण्यात होतो, जिथे कुकरवाचून डाळ शिजत नाही आणि शिजली तरी खावीशी वाटत नाही. बातमी आली तेव्हा जेवणाचीच वेळ होती. फेब्रुवारीत रजा मिळाली, तेव्हा मी म्हसवडच्या आधी गुरदासपूर गाठले. पंजाबातले ते दिवस वाईट होते. अंधार पडायच्या आत गावात पोचायचे म्हणून दुपारीच शिरलो.

त्याची आई चुलीपुढे होती. रडणे कधीच होऊन गेले असावे. तिने मला मंजीवर बसवले, परातीत हात घातला, आणि मक्याची रोटी, मोहरीचा साग, वर पांढऱ्या लोण्याचा गोळा असे ताट पुढे ठेवले. मी उंबऱ्याच्या आत, तिच्या चुलीपासून हातभर अंतरावर बसलो होतो. लढाईचे तिने काही विचारले नाही. तो शूर होता का, कसा गेला, काहीच नाही. बऱ्याच वेळाने रोटी थापता थापता म्हणाली, "ओथे रज्ज के खांदा सी?" तिथे पोटभर जेवायचा का?

मी तिला सिंहगडाची गोष्ट सांगितली. पिठले म्हणजे काय ते सांगताना शेवटी मलाही कबूल करावे लागले की ती घट्ट कढीच. त्याने तीन भाकऱ्या खाल्ल्या, असे म्हटल्यावर तिने हात थांबवला.

"तीनच?" ती म्हणाली. "घरी चार खायचा."

आणि माझ्या ताटात आणखी एक रोटी टाकून ती पुन्हा चुलीकडे वळली.