शेपटीचं चाक

विमान आकाशातून कोसळलं की मोठी बातमी होते. पण लहान विमानांचे कितीतरी अपघात जमिनीला टेकल्यावर होतात आणि त्यात बरेचदा कुणाला खरचटतही नाही. मोडतो तो पंख, नाहीतर शिकणाऱ्याचा धीर.

आमचे भाईंदरचे मामा तरुणपणी एका फ्लाइंग क्लबात 'पुष्पक' शिकत होते, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक. पुष्पक म्हणजे बंगलोरला एचएएलने बनवलेलं दोन आसनी विमान, १९५८ साली पहिल्यांदा उडालेलं. पुढे दोन चाकं आणि शेपटीखाली एक छोटंसं. "पैसे संपले म्हणून सोडलं," असं मामा सांगायचे. पुढे भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात त्यांचा जन्म गेला.

या शेपटीच्या चाकाची एक खोड आहे. चाकांची बॅग मागून ओढत नेली तर सरळ येते, पण पुढे ढकलायला जा, ती तोंड फिरवते. तसंच हे. विमानाचं वजन मुख्य चाकांच्या मागे असतं. नाक जरा वळलं की मागचं वजन पुढे यायला बघतं आणि विमान जागच्या जागी गरकन फिरतं. बाजूचा वारा असेल तर विचारूच नका. वेग कमी होत जातो तशी सुकाणूची पकडही सुटत जाते, म्हणून पायांनी पेडल सतत सांभाळावं लागतं. नाकाखाली चाक असलेल्या विमानात वजन पुढे असतं, ते आपणहून सरळ होतं.

१५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले ते 'पस मॉथ'ही याच जातीचं. पावसाळ्यात जुहूचं ते मैदान पाण्याखाली जायचं. १९८२ मध्ये, ७८ व्या वर्षी, त्यांनी तोच प्रवास 'लेपर्ड मॉथ'मधून पुन्हा केला. तेही तसलंच!

असो. तर आता मामांची नात वैमानिक व्हायला निघाली आहे. गेल्या महिन्यात मामांनी तिला समोर बसवून सांगितलं, "पैसे होते गं. धीर नव्हता. टेकलो, वाटलं झालं, आणि पाय सैल सोडले. विमान फिरलं, पंखाचं टोक जमिनीला घासलं. मला काही झालं नाही. पण दुसऱ्या दिवशी क्लबच्या फाटकातून आत जाववेना."

साठ वर्षं हे मामींनाही माहीत नव्हतं. मामेबहीण चिडली, "पोरीला आत्ताच कशाला घाबरवता, बाबा?"

मला विचाराल तर मामांनी बरोबर केलं. पोरगी ज्या विमानावर शिकणार त्याला नाकाखाली चाक आहे, पण कधीतरी तिच्याही हातून काहीतरी मोडेलच. तेव्हा घरात आधी कुणाचं तरी मोडलेलं आहे हे माहीत असलेलं बरं.

ती घाबरली वगैरे नाही. तिने एवढंच विचारलं, "आजोबा, वारा कुठल्या बाजूचा होता?"

मामा लगेच म्हणाले, "डावीकडचा."