मोजा घालायचा, पण कुठला?



सोलापूरच्या बाईंनी हातमोज्यांवर लेख लिहायचा म्हणजे महाबळेश्वरच्या गुरुजींनी पंख्यावर लिहिण्यासारखंच झालं! आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर सहज चढतो. नवी पेठेत हातमोजे मिळतात, नाही असं नाही. पण त्यांतले निम्मे असतात ते उन्हासाठी. स्कूटीवरून जाणाऱ्या ताया-मावश्या कोपरापर्यंत चढवतात ना, ते पांढरे सुती मोजे.

तरीसुद्धा डिसेंबर-जानेवारीत, सिद्धेश्वरांच्या गड्ड्याची यात्रा जवळ आली की पहाटे हुडहुडी भरते. पारा १२-१४ अंशांवर येतो, एखाद्या वर्षी १० च्याही खाली जातो. काश्मीरच्या मुलांना हे ऐकून हसू येईल. पण उन्हात वाढलेल्या बोटांना तेवढं पुरतं. मी पाचवीला शिकवते आणि आमची शाळा सकाळी भरते. त्या दिवसांत पहिल्या तासाला शुद्धलेखन घेऊन पाहावं. अक्षरं अशी येतात, की जणू मुंग्या शाईत बुडून वहीवरून पळाल्या!

असं का होतं? थंडी वाजू लागली की शरीर आपलं गरम रक्त हृदय, मेंदू, यकृत अशा आतल्या अवयवांसाठी राखून ठेवतं. हातापायांतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. बोटांना रक्त कमी मिळतं, ती गार पडतात, मग आखडतात, आणि शेवटी त्यांना स्पर्शच नीट कळेनासा होतो. घरी आईच्या देखत एक प्रयोग करा. वाटीत बर्फाचं पाणी घ्या, त्यात बोटं फक्त अर्धा मिनिट बुडवा, पुसा, आणि लगेच सुईत दोरा ओवून पाहा. आमच्या वर्गात हा प्रयोग केला तेव्हा सगळ्यात हुशार ओवणारीसुद्धा तीनदा चुकली.

आता मुद्दा ऐका. हातमोजा बोटांना ऊब देतो, पण त्याच वेळी बोटांचं कळणं कमी करतो. जेवढा मोजा जाड, तेवढी ऊब जास्त आणि स्पर्श कमी. दुकानात गेलो की आपण पहिला प्रश्न विचारतो, "गरम आहे का हो?" खरं तर पहिला प्रश्न स्वतःलाच विचारायचा असतो: या हाताला काम काय करायचं आहे?

हे मला माझ्या वर्गातल्या एका मुलीमुळे जास्त नीट कळलं. तिचे वडील सैन्यात आहेत. मागच्या हिवाळ्यात त्यांची नेमणूक लडाखमध्ये, खूप उंचावर होती. नक्की कुठे ते तिला माहीत नव्हतं आणि मीही विचारलं नाही. टीव्हीवर तिने सियाचीनचा कार्यक्रम पाहिला होता. सियाचीनवर आपले जवान १९८४ पासून तैनात आहेत. तिथे हिवाळ्यात तापमान शून्याखाली ५० अंशांपर्यंत उतरतं. त्या कार्यक्रमात हिमदंशाने काळी पडलेली बोटं दाखवली होती. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती माझ्या टेबलाजवळ येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "बाई, बाबांची बोटं गळून तर पडणार नाहीत ना?"

अशा वेळी "छे गं, वेडी कुठली!" असं म्हणून पोरांना वाटेला लावायचं नसतं. मी तिला खरं तेच सांगितलं. हिमदंश होतो. त्यात बोटांतलं पाणी गोठतं, रक्त पोहोचत नाही. म्हणूनच तिथल्या जवानांना हातांची काळजी कशी घ्यायची ते आधी शिकवतात, आणि ते एकमेकांच्या तोंडाकडे, बोटांकडे लक्ष ठेवतात. तिचं निम्मं समाधान झालं. उरलेल्या निम्म्यासाठी तिने आजीला कामाला लावलं. आजीने चार दिवसांत दुहेरी दोऱ्याचे, चांगले जाडजूड पाच बोटांचे मोजे विणले. पार्सल करायचं तेवढं राहिलं होतं.

नेमका त्याच सुमारास वडिलांचा फोन आला. तिने मोज्यांचं सांगितल्यावर ते आधी खूप खूश झाले आणि मग म्हणाले, "अगं, पण एवढ्या जाड मोज्याचं बोट रायफलच्या चापाशी जाणार कसं?"

रायफलीचा चाप तुम्ही चित्रात पाहिला असेल. त्याच्याभोवती एक लहानशी कडी असते, चुकून धक्का लागू नये म्हणून. जाड बोट त्या कडीत शिरत नाही. आणि शिरलं, तर आणखी वाईट. चापावर किती दाब पडला हे बोटाला कळलं नाही, तर नको तेव्हा गोळी सुटेल! बरं, मोजा काढून उघड्या हाताने बंदूक धरावी, तर तेही नाही. पाट आणि स्टीलचा पेला रात्रभर एकाच खोलीत ठेवा. सकाळी पेला जास्त गार लागतो. दोन्हींचं तापमान सारखंच असतं, पण धातू आपल्या हातातली उष्णता भराभर ओढून घेतो. उणे तीस अंशांत ओलसर बोट लोखंडाला लागलं, तर कातडी तिथेच चिकटून बसते.

मग करायचं काय? एक मोजा सगळी कामं करू शकत नाही, म्हणून थर करायचे. आत पातळ, बोटांना घट्ट न होणारा लोकरीचा मोजा. त्याच्यावर मोठा, वारा अडवणारा मोजा. काम आलं की वरचा क्षणभर काढायचा, आतल्या पातळ मोज्याने चाप, बटण, बक्कल हाताळायचं, आणि लगेच हात पुन्हा वरच्या मोज्यात. वरचा मोजा पुष्कळदा पिशवीसारखा असतो: अंगठा वेगळा, बाकीची चारही बोटं एका खोलीत. असा पिशवीमोजा पाच बोटांच्या मोज्यापेक्षा जास्त गरम. एका गोधडीत चार भावंडं झोपली की एकमेकांची ऊब लागते ना, तसंच हे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्याने यातही एक युक्ती वापरली. अंगठा वेगळा, चापाचं बोट वेगळं, आणि उरलेली तीन एकत्र!

वडिलांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, मोजा घट्ट नको. घट्ट मोजा रक्त अडवतो, शिवाय आतली हवा दाबून काढतो, आणि ऊब धरते ती हवाच. दुसरी, मोजा ओला नको, घामानेसुद्धा. म्हणून एक कोरडी जोडी कोटाच्या आत ठेवायची. आणि कुणाची बोटं गोठलीच तर? चोळायची नाहीत, विस्तवाजवळ धरायची नाहीत. बधिर बोटाला चटका कळत नाही. पुन्हा गोठणार नाहीत अशा जागी नेऊन कोमट पाण्यात ठेवायची आणि डॉक्टरांना दाखवायचं.

"वरचे मोजे सरकार देतं," ते म्हणाले, "आईला म्हणावं, आतले पातळ विण. ते लवकर विरतात."

आता आजीची खरी परीक्षा! तिने आधी आपली लोकर तपासली. एक धागा चिमट्यात धरून काडीने पेटवला (हा प्रयोग मोठ्यांनीच करायचा). खरी लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरडता येते. आजीचा धागा मात्र वितळला आणि त्याचा कडक मणी झाला. दुकानदाराने लोकर म्हणून दिलेली ती लोकर ॲक्रिलिक निघाली! सोलापुरात ॲक्रिलिक चालतं, स्वस्त असतं, धुवायला सोपं. पण स्टोव्हच्या आसपास वितळणारा धागा हातावर नको. खरी लोकर थोडी दमट झाली तरी ऊब सोडत नाही. सुती कापडाचं तसं नाही. आपली सोलापुरी चादर कोरड्या थंडीत किती छान वाटते, पण ओली चादर पांघरून पाहा बरं!

मग माप. वडिलांनी अंगठा सोडून पंजाभोवती दोरा गुंडाळला आणि तो पट्टीवर मोजून आकडा कळवला: २२ सेंमी. वर्गात आम्ही सगळ्यांनी आपापले पंजे मोजले. बहुतेकांचे १६ ते १८ भरले. गणिताचा एक तास त्यात गेला, पण मोजमापाचा धडा इतका चांगला मला कधी शिकवता आला नव्हता. खऱ्या लोकरीच्या दोन पातळ जोड्या तयार झाल्या आणि मुलीने स्वतः पार्सलवर पत्ता लिहिला. नाव, नंबर, युनिट, आणि खाली गावाच्या जागी '५६ एपीओ'. हे लष्कराचं टपाल. पत्त्यात गाव नसतं, तरी पार्सल बरोबर पोहोचतं. पंधरा-वीस दिवसांनी निरोप आला, "मोजे बसले. उजवा अंगठा नखभर आखूड आहे." आजी म्हणाली, "त्याचा अंगठा लहानपणापासूनच लांब."

पहिल्या जाड जोडीचं काय झालं? ती मुलीच्या मोठ्या भावाला मिळाली. तो पहाटे सायकलवरून वर्तमानपत्रं टाकतो. त्याचीही अडचण तीच. पेपर मोजायचे तर बोटाला कागद कळला पाहिजे, आणि ब्रेक दाबायचा तर बोट दांडीभोवती नीट वळलं पाहिजे. त्याने अंगठ्याचं आणि पहिल्या बोटाचं टोक कापून टाकलं. आजी आधी चिडली, मग तिनेच कडा उसवू नयेत म्हणून सुईने टाके घालून दिले.

नेमबाजीचं नाव निघालं तेव्हा वर्गातल्या एकाने विचारलं, "बाई, मग स्वप्निल कुसाळेंच्या हातातला मोजा थंडीसाठी होता?" (शूटिंग म्हटल्यावर निम्म्या वर्गाला सिनेमाचंच शूटिंग वाटलं होतं, ते वेगळं!) प्रश्न मात्र फार छान होता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल, तीन स्थिती या प्रकारात ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक पटकावलं. ऑगस्टमध्ये फ्रान्सला उन्हाळा असतो. मग मोजा कशाला?

या प्रकारात रायफल ८ किलोपर्यंत भरू शकते. गुडघ्यावर बसून आणि पालथं झोपून नेम धरताना ती पेलणाऱ्या हातावर तिचं वजन पडतं आणि पट्टा हाताला करकचून आवळलेला असतो. ५० मीटरवरच्या लक्ष्यातलं दहा गुणांचं वर्तुळ किती मोठं? अवघं १०.४ मिलिमीटर! हाताच्या नाडीचा ठोका रायफलीपर्यंत पोहोचला तरी नेम हलतो. म्हणून त्या हातात जाड, गादीसारखा मोजा. पण तो किती जाड असावा यालाही नियम आहे. पुढचा आणि मागचा थर मिळून १२ मिलिमीटरपेक्षा जास्त नाही, आणि मनगटावर बांधायला पट्टी नाही. चाप ओढणारा दुसरा हात मात्र सहसा उघडाच. त्या बोटाला सगळं कळलं पाहिजे! एकाच माणसाच्या दोन हातांना दोन कामं, म्हणून एकाला मोजा आणि एकाला नाही. पिस्तूल मारणारे तर मोजाच घालत नाहीत. आपल्या कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचं सुवर्णपदक उघड्या हातानेच जिंकलं.

खरी गंमत असते ती बायथलॉन नावाच्या खेळात. बर्फावर स्की घालून धावायचं आणि धापा टाकत ५० मीटरवरची पाच लक्ष्यं उडवायची. झोपून मारताना लक्ष्य ४५ मिलिमीटरचं, म्हणजे लिंबाएवढं. हे खेळाडू पातळ मोजे घालतात, कारण पळताना शरीर स्वतःच तापलेलं असतं.

तुमच्यापैकी कुणी पुढे एनसीसीत गेलात आणि रेंजवर रायफल हाती आली, तर प्रशिक्षक सांगतील तेच ऐका. मोजा घालू का, हेही त्यांनाच विचारा.

आणि आई-बाबांना दोन शब्द. मुलांसाठी सायकलचे मोजे घेताना घाई करू नका. मोजा घालून मुलाला मूठ वळू द्या. बोटांमध्ये कापड ताणलं तर मोजा लहान, टोकाला रिकामी पिशवी लोंबली तर मोठा. मग जमिनीवर एक रुपयाचं नाणं टाका आणि मोजा घालूनच उचलायला सांगा. उचललं, तर ब्रेकही दाबता येईल. तळवा गुळगुळीत असलेला मोजा हँडलवरून घसरतो, तो नको. विणलेल्या मोज्यातून वारा आरपार जातो. सायकलवर गारठा वाटतो तो जास्त वाऱ्यामुळेच. म्हणून पाठीला रेक्झिन किंवा जाड कापड असलेला मोजा बरा, तळव्याला नुसती लोकर चालेल. पुरं रेक्झिनचा मोजा घेतलात तर शाळेत पोहोचेपर्यंत हात घामेजून जातात आणि तासाभराने तेच हात जास्त गार पडतात. महाग म्हणजे चांगला असंही नाही. आमच्या वर्गात सगळ्यात उपयोगी मोजे एका मुलाच्या आईने जुन्या स्वेटरच्या बाह्यांचे शिवले होते.

लोकरीचे मोजे गरम पाण्यात धुऊ नका, आटतात. कोमट पाण्यात हलकेच धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा आणि सावलीत पसरून वाळवा. फेब्रुवारी संपला की कडुलिंबाच्या वाळलेल्या पानांबरोबर डब्यात ठेवून द्या. नोव्हेंबरात बाहेर काढाल तेव्हा मात्र आधी दोरा घेऊन मुलांचे पंजे पुन्हा मोजा. पाचवीतला पंजा सहावीत कुठे तेवढाच राहतो?