कावेरीकाठची माधुकरी

तंजावरला निघालो तो मराठ्यांचे तंजावर पाहायला. शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तिथे राज्य स्थापिले आणि १८५५ पर्यंत भोसल्यांची गादी तिथे नांदली. बृहदीश्वराच्या देवळात भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. सरफोजीराजांनी १८०३ साली तो कोरवून घेतला. इतक्या दूरच्या मुलखात, दगडावर आपली अक्षरे पाहून छाती फुगली, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी सौ. म्हणाली, "राजे झाले पाहून. आता त्यागराजांच्या गावी जाऊ या."

तिरुवय्यारू तिथून तेरा-एक किलोमीटर. भाताच्या खाचरांतून बस निघाली. एक पूल ओलांडावा तोच पुढे दुसरी नदी! गावाच्या नावातच पाच नद्या आहेत, त्याचा उलगडा झाला.

त्यागराजांचा जन्म १७६७ साली तिरुवारूरला झाला. आयुष्य मात्र या गावी गेले. घरची भाषा तेलुगू, मुलूख तमिळ आणि राजा मराठी. अशा त्रिवेणी संगमावर हा माणूस उभा राहिला आणि आयुष्यभर एका रामाशीच बोलत राहिला. रोज गाणी गात गल्लीतून फिरावे, दारोदारी मिळतील ते तांदूळ घरी आणावेत, असा त्यांचा प्रपंच. तिकडे हिला उंछवृत्ती म्हणतात. आपल्या माधुकरीची ती सख्खी बहीणच.

सरफोजीराजांनी त्यांना दरबारात गायला बोलावले आणि त्यांनी ते नाकारले, असे सांगतात. कल्याणी रागातली त्यांची एक कृती या प्रसंगाशी जोडली जाते. धनात सुख अधिक की रामाच्या सेवेत, असा तिच्यात सरळ सवाल आहे. कालचा माझा अभिमान इथे जरा वरमला. राजाने आपला इतिहास दगडावर कोरला, तो वाचायला आमच्यासारखा एखादा वाट चुकून यावा लागतो. त्यागराजांच्या सुमारे सातशे कृती उरल्या, त्या शिष्यांच्या गळ्यांतून. वालाजापेट, उमयाळपुरम, तिल्लैस्थानम् अशा गावांच्या शिष्यपरंपरांनी त्या जपल्या, आणि आज दक्षिणेत त्यांच्यावाचून मैफल होत नाही.

१८४७ च्या जानेवारीत त्यांनी देह ठेवला. कावेरीकाठची समाधी पुढे पडझडीला आली होती. ती सावरली बेंगळूर नागरत्नम्मा या देवदासी कुळातल्या गायिकेने. तिने आपली पुंजी खर्चून जागा मिळवली आणि १९२५ साली समाधीवर मंदिर उभे केले. पौष वद्य पंचमीला तिथे आराधनेचा उत्सव भरतो. पण जिने मंदिर बांधले, तिलाच उत्सवात गाण्याची बंदी! कारण एकच, ती बाई. ती रडत बसली नाही. बायका जमवून तिने त्यांचा वेगळा उत्सव सुरू केला. १९४० च्या सुमारास सारे पक्ष एक झाले, तेव्हा कुठे स्त्रियांचा सूर त्या मांडवात शिरला. १९५२ साली ती गेली. तिचीही समाधी जवळच आहे.

आम्ही गेलो तो दिवस उत्सवाचा नव्हता. पायरीवर दोन मुली बसून हलक्या आवाजात गात होत्या. आराधनेला सारे गवई एकत्र बसून ज्या पाच 'पंचरत्न' कृती गातात, त्यांतलीच ही श्रीरागातली एक, असे त्यांनी सांगितले. सौ. हळूच त्यांच्या शेजारी जाऊन टेकली. शब्द तिला येत नव्हते, पण ती नुसत्या आकाराने सूर धरू लागली. लग्नाआधी ती गाणे शिकत असे. तंबोरा माहेरून आला तो माळ्यावर गेला. कोणी बंदी केली नव्हती. कोणी 'गा' असेही म्हटले नव्हते. त्या कोणीत पहिला मी.

मी लांब घाटावर जाऊन बसलो. बस चुकली, पण तिला उठवले नाही.

घरी परतल्यावर पहिल्या रविवारी शिडी लावून तंबोरा खाली काढला. तारा गंजल्या होत्या. त्या तेवढ्या बदलाव्या लागल्या.