पंधरा मार्चच्या आत

नाशिक,
4 मार्च 2025

चि. अमोल,


रविवारी फोनवर तू विचारलंस, "मामा, मार्चचा टॅक्स जुलैत रिटर्नबरोबर भरला तर काय बिघडतं?" मी तेव्हा "सांगतो" म्हणून विषय बदलला. घरात पाहुणे होते, आणि जे सांगायचं आहे ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. दोन दिवस तेच डोक्यात घोळतंय, म्हणून आज दुपारी दुकान लवकर बंद करून लिहायला बसलो.

तुझी अडचण खरी आहे. 13 तारखेला होळी. तुझ्याकडची बिहारची सहा पोरं गावी निघालीत, तिकिटं हातात आहेत, प्रत्येकाला हिशेब पुरा करून हवा आणि वर थोडी उचलही. तिकडे मोशीच्या साइटचं चालू कामाचं (आरए) बिल जानेवारीपासून अडकलंय, शिवाय रिटेन्शन म्हणून राखलेले पाच टक्के वर्षभर त्यांच्याकडेच पडून राहणार. पोरांचा हिशेब आधी कर. त्यात मला कसलीच शंका नाही. सणाला घरी जाणाऱ्या कारागिराला "आल्यावर देतो" म्हणू नये. आपणही कधीतरी कुणाच्या हाताखाली वायरिंगचे कंड्यूट वाकवलेत.

आता तुझा आकडा मांडून बघू. तू म्हणालास, यंदा बिलं साठ लाखांची झाली आणि सगळं जाऊन पंधरा लाख उरतील. बजेटमध्ये 12 लाखांपर्यंत कर नाही असं जाहीर झालं म्हणून तू थोडा निर्धास्त झालेला दिसतोस. पण ती सूट पुढच्या 1 एप्रिलपासूनच्या कमाईला आहे आणि पंधरा लाखांना ती तेव्हाही लागणार नाही. यंदाच्या नव्या पद्धतीच्या दराने पंधरा लाखांवर सेससकट कर होतो 1,45,600. बिल्डरांनी साठ लाखांवर एक टक्का टीडीएस कापलाय, म्हणजे 60,000 आधीच जमा. राहिले 85,600.

बिलाच्या रकमेवर सहा-आठ टक्के नफा धरून कर भरायची जी सोय आहे, ती तू घेतली आहेस. त्यामुळे जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च असे चार हप्ते तुला नाहीत, एकदम 15 मार्चला सगळं. (कुणी म्हणेल, मग सहा टक्केच दाखव. वहीत पंधरा लाख उरलेत तर पंधराच लिही. उद्या घरासाठी कर्ज काढायला जाशील तेव्हा बँक तुझे रिटर्नच बघणार आहे.)

हे 85,600 तू 31 जुलैला भरलेस तर? 15 मार्च चुकवल्याचं व्याज एक टक्का, 856 रुपये. मग एप्रिल ते जुलै, चार महिन्यांचे महिना एक टक्का, 3,424. एकूण 4,280. हे व्याज धंद्याच्या खर्चात दाखवता येत नाही, तरी पतसंस्थेपेक्षा स्वस्तच. तू हाच हिशेब केला असणार. मीही केला होता, आणि तो बरोबरच होता. म्हणून तर जवळजवळ दोन वर्षं माझ्या लक्षात काही आलं नाही.

2012 ची गोष्ट. अंबडला एका कारखान्याच्या शेडचं काम घेतलं होतं. आमच्यासारख्यांना तेव्हा तीनच हप्ते असायचे, सप्टेंबरला 30 टक्के, डिसेंबरपर्यंत 60, मार्चपर्यंत सगळा. जूनचा हप्ता 2016 पासून आला. सप्टेंबरच्या हप्त्याचे पैसे बाजूला होते, पण केबलचे ड्रम रोखीने घ्यावे लागले आणि ते पैसे त्यात गेले. म्हटलं, डिसेंबरला दोन्ही एकदम भरू. डिसेंबरात शेडचं बिल आलं नाही. मार्चमध्ये आलं, तोवर दुसरं काम सुरू होतं आणि त्याला माल हवा होता. शेवटी 2012-13 चा कर मी 2013 च्या दिवाळीत भरला. तो कुठून भरला, तर 2013-14 च्या कमाईतून. मग त्या वर्षाला काय उरणार? त्याच्या करासाठी पुढच्या वर्षाकडे हात पसरला. धंदा चालू होता, पोरांचा पगार एकदाही चुकला नाही, बाहेरून बघणाऱ्याला मी चांगला चाललेला माणूस दिसत होतो. मलाही तसंच वाटत होतं.

आणि खरा फटका व्याजाने बसला नाही, अमोल. जानेवारी 2014 मध्ये एका शाळेच्या इमारतीच्या वायरिंगचा रेट द्यायचा होता. 640 पॉइंट. आदल्या रात्री पासबुक घेऊन बसलो. खात्यात 5 लाख 40 हजार. मन भरून आलं, म्हटलं आपलं बरं चाललंय, थोडं कमी घेऊ पण काम हातचं जाऊ द्यायचं नाही. पॉइंटमागे 40 रुपये कमी लिहिले. काम मिळालं. म्हणजे 25,600 रुपये मी त्या रात्री स्वतःच्या हाताने सोडले. त्या 5 लाख 40 हजारांत चालू वर्षाचा न भरलेला कर होता, केबलच्या दुकानाची उधारी होती. माझे म्हणावेत असे पैसे लाखभरसुद्धा नव्हते. पासबुकावर ते वेगळं लिहिलेलं नसतं ना! करंट अकाउंटमधला आकडा मी माझी कमाई समजत होतो आणि त्या समजुतीवर रेट देत होतो. शाळेचं काम पुरं झालं तेव्हा हातात काही उरलंच नाही, आणि का उरलं नाही तेही मला कळेना. पोरांवर चिडलो, माल जास्त लावता म्हणून. त्यांची काही चूक नव्हती.

2014 च्या जूनमध्ये साचलेलं सगळं एकदम अंगावर आलं. कर आणि व्याज मिळून 2 लाख 70 हजार. बँकेची ओव्हरड्राफ्टची मर्यादा आधीच पूर्ण वापरलेली. मी ताईकडे गेलो. तुझ्या आईने काही विचारलं नाही. आत गेली आणि पोस्टाचं आरडीचं पुस्तक घेऊन आली. तू तेव्हा नववी पास होऊन दहावीत गेला होतास, आणि ते पैसे तुझ्या डिप्लोमाच्या प्रवेशासाठी होते. मुदतीआधी मोडलं म्हणून व्याजही कमी मिळालं. काउंटरवर सही करताना ती एवढंच म्हणाली, "पुढच्या जूनच्या आत दे, दादा." मी वर्षभर छोटी छोटी कामं घेतली, रात्री मोटारींचं वाइंडिंग भरलं, आणि 2015 च्या जूनमध्ये तुझी फी भरायच्या तारखेच्या आठ दिवस आधी पैसे तिच्या हातात ठेवले. ते आठ दिवस मी विसरलेलो नाही. तुला हे तिने कधी सांगितलं नसेल. मीही नव्हतं सांगितलं. तू रविवारी "जुलैत भरतो" म्हणालास तेव्हा तुझ्या आवाजात मला माझा 2012 चा आवाज ऐकू आला, म्हणून आज लिहितोय.

आता काय करायचं ते. 85,600 एकदम जमत नसतील तर जमतील तेवढे 15 ला भर. कर तुकड्यांनी भरता येतो, व्याज फक्त कमी पडलेल्या रकमेवर लागतं. मोशीचं बिल 15 नंतर पण महिनाअखेरच्या आत आलं, तर त्याच दिवशी उरलेले भर. 31 मार्चपर्यंत भरलेलं सगळं अॅडव्हान्स टॅक्समध्येच धरतात, आणि तोवर एकूण नव्वद टक्के, म्हणजे 77,040 गेले असले, तर एप्रिलपासूनचं व्याज लागत नाही. तेव्हा होळीला पोरांना पाठव आणि मग हे पंधरा दिवस त्या बिलाच्या मागे लाग. रोज सकाळी त्यांच्या ऑफिसात जाऊन बस. आपल्याच कामाचे पैसे मागायला तुला संकोच वाटतो, हे मला माहीत आहे. तो सोड.

आणि एप्रिलपासून एक वेगळं बचत खातं काढ, एटीएम कार्ड न घेता. मी 85,600 ला साठ लाखांनी भागून पाहिलं. शंभराला दीड रुपयाच्याही आत येतं. म्हणजे बिलाचा लाख रुपया आला की दीड हजार त्याच दिवशी त्या खात्यात, तेही माल घ्यायच्या आधी. एवढ्याशा रकमेसाठी मी ताईचं आरडी मोडलं, हे आकडे मांडल्यावर परवा मला नव्याने लागलं. जीएसटीचे अठरा टक्के तर त्याहून वेगळे ठेव, ते कुठल्याच अर्थाने आपले नाहीत.

चलन भरताना घाई करू नकोस. असेसमेंट इयर 2025-26 निवडायचं, 2024-25 नाही. इथे भल्याभल्यांचं चुकतं आणि दुरुस्त करून घेण्यात महिने जातात. प्रकार अॅडव्हान्स टॅक्स, कोड 100. 300 म्हणजे नंतर भरायचा, तो नको. पावतीवर बँक शाखेचा सात आकडी बीएसआर कोड आणि चलनाचा नंबर असतो, त्याची प्रिंट काढून वहीत चिकटव.

रविवारी, 9 तारखेला, सकाळच्या एसटीने मी पुण्याला येतोय. बिलांची फाइल, पासबुक आणि 26 एएसची प्रिंट काढून ठेव. सगळ्यांनी कापलेला टीडीएस तिथे जमा दिसतोय का, ते आधी बघू. साठ हजारांतले काही आलेले नसले तर आकडा बदलेल. कमी पडत असतील तर माझ्याकडे वीसेक हजार मोकळे आहेत, ते घेऊनच येतो. मात्र मोशीचं बिल आलं की परत करायचे.

ताईला यातलं काही बोलू नकोस. रंगपंचमीला, 19 तारखेला, दोघं इकडे या.

तुझा,
मामा