पूर्वेचा मोती आणि सह्याद्रीचे सहा घाट

संस्थानिक आणि रोल्स-रॉइस म्हटले की समाजमाध्यमांवर एकच कथा फिरते. लंडनच्या दुकानात महाराजांचा अपमान झाला. त्यांनी सगळ्या गाड्या विकत घेतल्या आणि झाडू बांधून त्यांना कचरा वाहायला लावला. हे महाराज बहुधा अलवरचे असतात, कधी भरतपूरचे, कधी चक्क हैदराबादचा निजाम. नायक बदलतो, तपशील तोच राहतो. दंतकथेची ही जुनी खूण. विश्वासार्ह समकालीन पुरावा तिच्यामागे नाही. या धुरळ्यात महाराष्ट्राच्या रस्त्यांवर खरोखर घडलेला एक प्रसंग मात्र झाकला गेला.

वर्ष १९०८. रोल्स-रॉइस लिमिटेड स्थापन होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. ‘सिल्व्हर घोस्ट’ हे नाव मुळात एकाच चंदेरी गाडीचे. कंपनीच्या लेखी त्या नमुन्याला नुसते ‘४०/५० अश्वशक्ती’ म्हणत. प्रसिद्धीसाठी निवडक गाड्यांना स्वतंत्र नावे देण्याची प्रथा तेव्हा होती. ‘पर्ल ऑफ द ईस्ट’, म्हणजे पूर्वेचा मोती, या नावाची गाडी भारतात आली आणि मुंबई-कोल्हापूर चाचणीत उतरली. अंतर ६२० मैल, सुमारे १००० किलोमीटर. वाटेत सहा अवघड घाट. गाडीने ही परीक्षा जिंकली.

हे यश किती मोठे, ते घाट जाणणाऱ्यालाच कळेल. सोलापूरकडच्या सपाट माळरानावर एखादी मोटार दिवसभर विनातक्रार धावली तर त्यात फारसे नवल नाही. सह्याद्रीच्या चढावर रेडिएटरचे पाणी उकळते, आणि उताराची भीती तर चढाहूनही अधिक. या नमुन्याला चारही चाकांचे ब्रेक मिळाले ते थेट १९२४ च्या सुमारास. इंजिन हाताने दांडा फिरवून सुरू करायचे. सात लिटरहून मोठ्या त्या इंजिनाची शक्ती होती अवघी ४८ अश्वशक्ती. आजची लहानशी कौटुंबिक गाडीही तिला मागे टाकेल. तरीही हेन्री रॉइसचे खरे कर्तृत्व या शक्तीत शोधू नये. त्या काळच्या सहा सिलिंडरच्या इंजिनांचा लांब क्रँकशाफ्ट कंपनाने मोडत असे. रॉइसने तो जाड केला आणि सात बेअरिंगांवर तोलला. इंजिन संथ फिरे, पण त्याची ओढ दांडगी होती. घाटाला हवी असते ती ओढ.

पुढे ही गाडी ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी विकत घेतली. (जेवणाच्या मेजावर चांदीची आगगाडी फिरवणारे ते हेच.) शिंद्यांचे मूळ गाव कण्हेरखेड, सातारा जिल्ह्यातले. कोल्हापूरच्या चाचणीत नाव कमावलेला मोती साताऱ्याच्याच घराण्याकडे गेला, हा योगायोग गोड खरा. शेकडो रोल्स-रॉइस नंतर संस्थानांत आल्या.

त्या टिकल्या किती, आणि कशा रूपात, हा प्रश्न अधिक बोचरा आहे. रोल्स-रॉइस तेव्हा फक्त सांगाडा, इंजिन आणि यंत्रणा बनवी. वरचा साज बार्कर, हूपर यांसारखे कोचबांधणी करणारे कारागीर चढवीत. त्यामुळे एकाच गाडीला आयुष्यात दोन-तीन वेगळे साज मिळणे विशेष नव्हते. आज जीर्णोद्धाराच्या वेळी बहुधा कारखान्यातून निघालेले पहिले रूप तेवढे खरे मानले जाते. मग शिकारीसाठी बसवलेले दिवे, पडदानशीन राण्यांसाठी लावलेल्या गडद काचा, गावच्या मिस्त्रीने ठोकून बनवलेला सुटा भाग, हे सारे भंगारात जाते. हेमाडपंती देवळाच्या दगडावर ऑइलपेंट फासला की इतिहासप्रेमी कळवळतात. चकाकत्या मोटारीकडे पाहताना हा कळवळा कुठे जातो, कोण जाणे. ऐतिहासिक वाहनांसाठीची ट्युरिन सनद आधी जतन, मग आवश्यक तेवढीच दुरुस्ती, असा क्रम सांगते. भारतात तिची आठवण फार थोड्यांना असते.

१९७१ मध्ये तनखे बंद झाले. त्याआधी आणि नंतरही अनेक गाड्या परदेशी गेल्या, काही कवडीमोलाने. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातील खाजगी गाड्यांना ‘व्हिंटेज’ दर्जा आणि ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक दिला. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. प्रदर्शन, संशोधन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठी ती रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला मनाई आहे.

तरुण अभ्यासकाने अशा गाडीपाशी गेल्यावर रंग, बोनेटवरची मूर्ती सोडून आधी सांगाड्याचा क्रमांक पाहावा. कंपनी प्रत्येक सांगाड्याचे कार्ड ठेवीत असे, आणि त्यांतली पुष्कळशी इंग्लंडमध्ये जपून ठेवलेली आहेत. गाडी मुळात कोणासाठी बांधली आणि तिच्यावर पहिला साज कोणी चढवला, हे बहुधा तिथे सापडते. भारतातल्या मिस्त्रीचा हात ओळखायचा तर मात्र गाडीखाली आडवे व्हावे लागते.