रब्बी ज्वारी का लोळते?

पौष-माघात धारूर तालुक्यातल्या तेलगावच्या शिवारात एखादं ज्वारीचं रान आडवं झालेलं दिसतं. वादळ नाही, अवकाळी नाही, तरी ताटं बुडख्याशी मोडलेली. असं एक ताट उभं चिरून पाहावं. खालच्या कांड्यांतला गाभा कुजून गेलेला असतो, नुसते सुटे धागे उरतात आणि त्यांवर मिरपुडीसारखे बारीक काळे ठिपके. हा खडखड्या. जमिनीत राहणारी मॅक्रोफोमिना ही बुरशी त्याच्या मुळाशी असते.

पीक लोळतं म्हटलं की पहिला संशय उंचीवर जातो. भाताच्या बाबतीत तो खराही ठरला. उंच देशी भाताला नत्र दिलं की लोंब्या जड होत आणि पीक पाण्यात पडे. तैवानच्या ‘डी-जिओ-वू-जेन’ या बुटक्या भातापासून १९६६ साली ‘आयआर-८’ आला आणि हे चित्र पालटलं. त्यातलं ‘एसडी-१’ जनुक वाढीचं संजीवक, म्हणजे जिबरेलिन, कमी तयार होऊ देतं, हे २००२ मध्ये उलगडलं. पुढे जपानी संशोधकांनी लोंबीतले दाणे वाढवणारं जनुक याच बुटकेपणाशी जोडलं, कारण एकटं ते घेतलं तर वजनाने लोळण्याचा धोका वाढतो. २०१० मध्ये तर खोड जाड करणारं आणि दाणेही वाढवणारं ‘एससीएम-२’ हाती लागलं. उंची, जाडी आणि बळकटी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून स्पष्ट झालं.

आपल्याकडे ज्वारीतही बुटकेपणा आला तो १९६४ च्या ‘सीएसएच-१’ या भारतातल्या पहिल्या संकरित वाणाबरोबर. ज्वारीला बुटकं करणारं ‘डीडब्ल्यू-३’ जनुक मात्र जिबरेलिनला हात लावत नाही. त्यात ऑक्झिनचं वहन बिघडतं आणि खालची कांडी आखूड राहतात. खरिपात ‘हायब्रीड’ने धान्य भरभरून दिलं. पण कडबा?

बीड जिल्ह्यात हा प्रश्न दुय्यम नाही. तेलगावला साखर कारखाना आहे, माजलगाव धरणाचं पाणी जिथे पोहोचतं तिथे ऊस आहे. कोरडवाहू काळ्या रानात मात्र बैल आणि दुभती जनावरं कडब्यावरच उन्हाळा काढतात. म्हणूनच सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला १९३० च्या दशकात निवडलेली उंच मालदांडी ३५-१ अजून टिकून आहे, आणि ते योग्यच आहे.

शिवाय, खडखड्या उंची पाहून येत नाही. रब्बी ज्वारी वाढते ती जमिनीत मुरलेल्या ओलीवर. दाणा भरताना ओल संपली, पानं वाळली, की कणीस खोडातली साखर ओढून घेतं. खोड पोकळ पडतं आणि बुरशीला वाट मिळते. कणीस जितकं मोठं तितकी ही ओढ जास्त. ओलीचा ताण पडला की बुटके संकरित वाणही असेच लोळतात ते यामुळेच. नुसतं उत्पादन वाढवणारं जनुक इथे घातक आहे. त्याच्या जोडीला शेवटपर्यंत पान हिरवं ठेवणारा गुण हवा. मूळ इथिओपियाच्या ज्वारीतून आलेल्या ‘बी-३५’ या वाणात तो आहे आणि पैदासकारांनी आपल्या वाणांत आणायचा तो हाच.

शेतकऱ्यांनाही यंदा एक काम करता येईल. मालदांडी सरळ वाण आहे, बी घरचं धरता येतं. काढणीआधी रानात फिरा, ज्यांची पानं हिरवी आणि बुडखा टणक आहे अशी उभी ताटं हेरा, आणि बियाण्याची कणसं त्यांचीच वेगळी काढा.